संकल्प मोजणाऱ्या सर्व दानगटांना खुले पत्र

प्रति,
उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दान करण्याचा संकल्प केलेले आणि आता 'याची चळवळ उभी करू' म्हणणारे पुणे, मुंबई, नागपूर, बंगळुरू इथले आणि परदेशी मराठी मंडळांतले सर्व गट

सप्रेम नमस्कार.

तुमच्या आवाहनांत साधारणपणे दोन वाक्यं असतात. पहिलं असं, की कमावत्या माणसाने उत्पन्नाचा दहावा भाग (कुठे विसावा, कुठे महिन्याला एका दिवसाचा पगार) गरजूंसाठी बाजूला काढावा. दुसरं असं, की येत्या वर्षात अमुक हजार लोकांना या संकल्पात सामील करून घ्यायचं. पहिल्या वाक्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. ज्याला पटेल त्याने उद्यापासून सुरू करावं, कुणाला विचारायची गरज नाही. हे पत्र दुसऱ्या वाक्यापुरतं आहे. तुम्ही ते पहिल्याचाच पुढचा टप्पा समजता, आणि आमच्या मते गफलत तिथेच होते.

दानाचा विचार पाळणारा माणूस एकटा असतो. किती द्यायचं, कुणाला द्यायचं, कधी थांबायचं, सगळं त्याचं त्याच्यापाशी. चुकला तर नुकसान त्याच्याच खिशाचं. चळवळ म्हटली की माणसं तीन होतात. एक शब्द देणारा, एक तो शब्द लिहून घेणारा, आणि एक असा, ज्याला कुणीतरी जाऊन 'तुम्हाला मिळणार आहे' असं सांगितलेलं आहे. या तिसऱ्याने तुमच्या भरवशावर मुलीचा डिप्लोमाला प्रवेश घेतला, किंवा एखाद्या छोट्या संस्थेने दोन शिक्षिका कामावर ठेवल्या, की तुमच्यावर देणं चढलं. ते फेडायला सद्भावना पुरत नाही. वसुली लागते, दप्तर लागतं, आणि ते सांभाळणारा माणूस लागतो.

महाराष्ट्रात हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. गागोद्यात जन्मलेल्या आणि पवनारला राहिलेल्या विनोबांनी या देशातली सर्वांत मोठी दानाची चळवळ, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन मागणारी भूदान चळवळ, चालवली. तिचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. तिथून विनोबांनी मांडणी केली ती अशी: तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या. विचार म्हणून याला तोड नाही. यात दाता उपकार करत नाही, घेणारा हात पसरत नाही, घरातल्या घरात वाटणी होते. पुढे १९५७ पर्यंत ५ कोटी एकरांचं उद्दिष्ट ठरलं. मिळाली सुमारे ४२ लाख एकर. त्यातली १९६० चं दशक संपेपर्यंत भूमिहीनांना प्रत्यक्ष वाटली गेली ती जेमतेम एक-तृतीयांश.

उद्दिष्ट हुकलं म्हणून या चळवळीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्हाला तो मुद्दा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पायी फिरणाऱ्या माणसाने मागितली आणि लोकांनी ४२ लाख एकर लिहून दिली, असं जगात दुसरीकडे घडल्याचं आम्हाला माहीत नाही. तुम्ही पाहायला हवं ते पुढचं: लिहून दिलेली जमीन वाटली का गेली नाही?

दानपत्रावर नाव, गाव, एकर आणि सही घेणं हे भर सभेत पाच मिनिटांचं काम. त्या कागदाची जमीन व्हायला पुढे काय काय लागतं ते पाहा. आधी सर्व्हे नंबर हवा. अनेक दानपत्रांवर तो नव्हताच, नुसते 'अमुक एकर' होते. मग सातबारा काढायचा. कब्जेदार म्हणून एकट्याचं नाव आहे की चार भावांची सामाईक जमीन आहे? इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का, कूळ आहे का? नंतर मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवायच्या. महसूल अधिकाऱ्याने नोटीस काढायची, हरकती ऐकायच्या आणि दान कायम करायचं. मग गावातल्या भूमिहीनांची जाहीर सभा घेऊन वाटप, त्यात किमान एक-तृतीयांश वाटा दलितांना. मग पट्टा, फेरफार, आणि शेवटी शेतात उभं राहून ताबा. यासाठी राज्याराज्यांत स्वतंत्र कायदे करावे लागले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून तिथे १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू झाला.

यातली एक पायरी गळली की खालचं सगळं अडतं. सर्व्हे नंबर नसेल तर मोजणी कशाची करणार? सामाईक जमीन एका भावाने दिली तर बाकीचे हरकत घेतात, आणि त्यांची हरकत खरी असते. काही दानं अशी, की जमीनदारी निर्मूलनात किंवा कमाल धारणेत हातची जाणारच होती ती जमीन दान म्हणून लिहून दिली. काही निव्वळ खडक, नदीपात्र किंवा जंगल. बिहारचा आकडा देशात सर्वांत मोठा होता, आणि अशा जमिनीचा भरणाही तिथे मोठा होता. फेरफार झाला नाही तर पट्टा हातात असूनही सातबारावर नाव दात्याचंच राहतं. मग पीककर्ज मिळत नाही, आणि दाता वारला की मुलं येऊन नांगर धरतात. सगळं सुरळीत पार पडलं तरी भूमिहीनाकडे बैल नसतात, बियाणं नसतं, आणि पडीक तोडून पहिलं पीक हाती येईपर्यंत खायचं काय हा प्रश्न असतो. जमीन देणाऱ्याने बैलजोडीही द्यावी, विहिरीसाठी कूपदान करावं, असं विनोबा सांगत. सांगणं आणि पुरवठा यांत अंतर राहिलं.

तरीही सभांमध्ये जाहीर होत राहिला तो आकडा दानपत्रांवरच्या एकरांचा. तो रोज वाढतो, टाळ्या मिळवतो आणि कार्यकर्त्याला पुढच्या गावी नेतो. वाटपाचा आकडा मात्र तलाठ्याच्या दप्तरात बसून, महिनोन् महिने खेटे घालून एकेका एकराने वाढतो. चळवळीने जो आकडा फळ्यावर लिहिला, माणसं त्याच्याच मागे धावली. तुमच्या बैठकांत सध्या फळ्यावर काय लिहिलेलं असतं? 'एकूण संकल्प'. हेच तर ते दानपत्र.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड, आणि तिच्यावर आजही दुमत आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या पळणी इथे तंत्रमुक्ती आणि निधिमुक्तीचा निर्णय झाला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या भूदान समित्या विसर्जित करायच्या आणि गांधी स्मारक निधीतून येणारा पैसा थांबवायचा. चळवळ संस्थेच्या हाती राहू नये, लोकांची व्हावी, पगारी सेवकांवर चालू नये, हे कारण. विचाराशी इमान राखायचं तर याहून सुसंगत निर्णय नाही. पण समित्या गेल्या तेव्हा लाखो एकरांची दानपत्रं मोजणी आणि फेरफाराविना पडून होती. तहसील कचेरीत खेटे घालणारा माणूस त्या तुटपुंज्या मानधनावरच जगत होता. विनोबांनी पर्याय सुचवला तो सर्वोदय-पात्राचा: घरोघर एक भांडं, त्यात घरातल्या लहान मुलाने रोज मूठभर धान्य टाकायचं, त्यातून सेवकांचा निर्वाह. हिशेब करून पाहा. लहान मुलाची मूठ साधारण २५ ग्रॅम धरली तर एका घराचे महिन्याला पाऊण किलो, १०० घरांचे ७५ किलो. एका कुटुंबाला ते पुरतं. पण १०० घरी जाऊन भांडी रिकामी करणं, धान्य निवडणं, किडीपासून राखणं, नोंद ठेवणं यालाही माणूस लागतो. एक-दोन आठवडे कुणी फिरकलं नाही की घरच्यांचाही नेम सुटतो.

तुमच्यातले काही गट 'आमचा प्रशासकीय खर्च शून्य' असं अभिमानाने छापतात. त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. खर्च शून्य नसतो. कुणीतरी एकजण नोकरी सांभाळून रात्री जागून ते काम करत असतो, आणि त्याची बदली झाली किंवा घरी बाळ आलं की हिशेब थांबतो. दप्तर सांभाळायला अर्धवेळ माणूस ठेवा आणि त्याचा पगार जमेच्या किती टक्के आहे ते सरळ लिहा.

विनोबांनीच १९५२ मध्ये मांडलेलं संपत्तिदान तुमच्या कामाला सर्वांत जवळचं आहे, आणि आश्चर्य म्हणजे तुमच्यापैकी कुणाच्याच पत्रकात त्याचा उल्लेख नाही. त्यातही उत्पन्नाचा सहावा भागच मागितला होता. पण पैसा विनोबांकडे किंवा कुठल्या समितीकडे द्यायचाच नव्हता. दात्याने तो स्वतःपाशी वेगळा ठेवायचा, सांगितलेल्या कामांवर स्वतः खर्च करायचा आणि वर्षाला हिशेब कळवायचा. या रचनेत मध्यस्थाच्या हातून अफरातफर होण्याला जागाच नाही. उणीव एवढीच, की हिशेब आला नाही तर विचारायला कुणी जात नसे. ती उणीव आज एका साध्या एक्सेल शीटने भरून निघते.

म्हणून आमचा पहिला सल्ला: पहिली दोन-तीन वर्षं पैसे गोळाच करू नका. प्रत्येकाने निवडलेल्या संस्थेला थेट द्यावं आणि पावतीची प्रत गटाकडे पाठवावी. गटाने फक्त नोंद ठेवायची: संकल्प किती, पावत्या किती, सलग तीन महिने पावती न आलेले किती. जो थांबला त्याला एकदाच, अपराधी वाटणार नाही अशा भाषेत फोन करायचा. सोडायचं म्हणाला तर नाव कमी करायचं आणि आभार मानायचे. बाहेर पडायची वाट अर्जावरच छापलेली असावी. सोडता येत नाही असा संकल्प लोक मोडतात, आणि मग मोडलाय हे कळवायचीही त्यांना लाज वाटते. आकड्यात खोट शिरते ती इथून.

गोळा करायचेच असतील तर एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा त्याच्या यूपीआय क्यूआरवर एक रुपयाही घेऊ नका. ती रक्कम कागदोपत्री त्याची होते. आयकराने विचारलं तर उत्तर त्याने द्यायचं, आणि उद्या तो वारला तर पैसे वारसांचे. गणेशोत्सव मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली परवानगी घेतात. तुम्ही तर वर्षभर वर्गणी घेणार. विश्वस्त संस्था नोंदवा, किंवा किमान सात जण जमवून सोसायटी नोंदवा. दरवर्षी लेखापरीक्षण करा, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्या. बदल अर्ज वर्षानुवर्षं न दिलेल्या संस्थांचे वाद धर्मादाय कार्यालयात ढिगाने पडून आहेत, कारण विश्वस्त नेमका कोण हेच कागदावर ठरत नाही.

मासिक वसुलीचं तंत्रही नीट समजून घ्या. यूपीआय ऑटोपेमध्ये साधारणतः १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न टाकता जातो. बँकेचा नॅच मॅन्डेट (खात्यातून ठरावीक तारखेला आपोआप रक्कम वळती करायची लेखी परवानगी) मोठ्या रकमेला चालतो, पण खात्यात शिल्लक नसली की परत आल्याचा दंड दात्याला बसतो. आयटीतल्या माणसाने नोकरी बदलली की पगाराचं खातं बदलतं, आणि मॅन्डेट जुन्या रिकाम्या खात्यावर राहतो. मग तुमच्या नावाने त्याला दंडाचा मेसेज येतो. दान थांबण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. त्याचा विचाराशी काडीचा संबंध नाही. म्हणून वसुलीची तारीख पगारानंतरची, ५ ते ७ च्या दरम्यानची ठेवा, आणि पहिला हप्ता परत आला की दुसरा टाकण्याआधी फोन करा. आणखी एक: नव्या करप्रणालीत देणगीची ८०जी वजावट (आयकरातली सवलत) मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही. 'करसवलत मिळेल' असं सरसकट सांगून घेतलेले संकल्प मार्चमध्ये गळतात.

परदेशातल्या मंडळांसाठी वेगळं सांगायला हवं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने तिथल्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याची मात्र धरली जाते, मग तो कितीही सदाशिवपेठी असो आणि हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असो. ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान कायद्याखालची, नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. म्हणजे 'एका संस्थेकडे जमा करू आणि तिथून गावोगावच्या छोट्या संस्थांना वाटू' हा तुमचा लाडका आराखडा परकीय नागरिकांच्या पैशाला लागू होत नाही. दोन प्रकारचे दाते एकाच खात्यात मिसळू देऊ नका.

तुमच्यातले काहीजण इंग्लंड-अमेरिकेतल्या 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम'चं, म्हणजे दिलेल्या पैशातून जास्तीत जास्त भलं कसं होईल हे मोजून दान करणाऱ्या चळवळीचं, उदाहरण देतात. त्याचं बीज तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या १९७२ च्या निबंधात आहे, आणि तो लिहिला गेला बांगलादेशातून भारतात आलेल्या निर्वासितांचे हाल पाहून. निबंध एका माणसाचा होता, त्याने कुणालाही शब्द दिलेला नव्हता. दहा टक्क्यांचा संकल्प घेणारी संस्था ऑक्सफर्डमध्ये २००९ साली निघाली, आणि मग त्या भोवती मोठे निधी जमले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो विनिमय केंद्र कोसळलं, तेव्हा त्याच्या मालकाच्या पैशावर उभा असलेला निधी रातोरात बंद पडला आणि अनुदान मंजूर झालेले लोक हात हलवत राहिले. निबंधातल्या युक्तिवादाला त्याने ओरखडाही पडला नाही. तो वाद वेगळा, तो चालू राहील. पण हातात मंजुरीपत्र आणि खात्यात शून्य असलेल्या माणसाला त्या युक्तिवादाचा उपयोग नव्हता. एकाच दात्यावर किती टक्के पैसा अवलंबून असू द्यायचा, हे चळवळीने ठरवायला हवं. आमच्या अंदाजाने छोट्या गटात एका दात्याचा वाटा एक-दशांशापलीकडे जाऊ नये, आणि मिळालेल्या पैशापेक्षा जास्त कबूल करू नये. संकल्पाच्या रकमेवर मंजुरी देऊ नका, मागच्या वर्षी खात्यात आलेल्या रकमेवर द्या.

आता एक नीट जमलेलं उदाहरण. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). ग्रामदान म्हणजे भूदानाचाच पुढचा टप्पा, गावाची जमीन गावाच्या नावे करणं; महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा. ग्रामदानी म्हणवणाऱ्या अनेक गावांचं ग्रामदान कागदावरच राहिलं. मेंढ्याने मात्र २०१३ मध्ये, इतर सगळे ग्रामदान विसरल्यावर, तो कायदा हाती घेतला. त्या गावात दोन जागा वेगळ्या ठेवल्या आहेत. अभ्यासगटात चर्चा होते, बाहेरची माणसं येतात, वाद होतात, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. अभ्यासगटात एखादा विचार कितीही पटला तरी तो गावावर आपोआप लागू होत नाही, आणि ग्रामसभेत एखादी गोष्ट फसली म्हणून अभ्यासगट विचार टाकून देत नाही.

तुमच्या गटांत या दोन्ही जागा एकच आहेत. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'दूरच्या अनोळखी माणसाचं आपण किती देणं लागतो' यावर पहाटेपर्यंत चर्चा चालते, तिथेच कुणाला ४०,००० द्यायचे हेही ठरतं. परिणाम असा, की हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्याला 'तुझा दानावर विश्वास नाही' असं ऐकावं लागतं. उलट बाजूने, विचारावर शंका घेणाऱ्याला हप्ते चुकवायचे आहेत असा संशय इतरांना येतो. अभ्यासगट वेगळा करा. त्याला सभासदत्वाची, पावतीची अट नको; एक रुपया न देणाऱ्यानेही तिथे यावं. पैशाचे निर्णय पाच ते सात जणांच्या समितीने घ्यावेत, त्यांची मुदत दोन वर्षांची असावी, आणि समितीतल्या कुणाचा लाभार्थी संस्थेशी संबंध असेल तर त्याने त्या विषयापुरतं उठून जावं व तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

आणि फळ्यावरचा आकडा बदला. येत्या ३१ मार्चला प्रत्येक गटाने चार ओळी जाहीर कराव्यात: संकल्पाची रक्कम, प्रत्यक्ष आलेली रक्कम, पोहोचवलेली रक्कम, आणि ज्यांना शब्द दिला त्यांपैकी वर्षभरानंतरही ज्यांच्याशी आपण बोललो त्यांची संख्या. चौथ्या ओळीसाठी फोन पुरत नाही, जावं लागतं. शंभर लाभार्थी असतील तर किमान दहा ठिकाणी, आणि ती ठिकाणं संस्थेने सुचवलेली नकोत, यादीतून चिठ्ठी टाकून काढलेली हवीत. ज्यांची चौथी ओळ कोरी राहील त्या गटांनी पुढचं वर्ष नवी नावनोंदणी बंद ठेवावी आणि आहेत तेवढ्यांचं काम पुरं करावं. ही विनंती तुमच्या पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. विरोध झाला तर तोही इतिवृत्तात लिहा.

आपले,
देणग्यांचे हिशेब आणि भूदानाचे जुने कागद पाहणारे काही जण